साखर ओळखणारी उघाडी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात सीबीडी बेलापूर येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला बोलावले तेव्हा एक अट घातली. "सर, रसायनशास्त्रावर बोला, पण मुले झोपणार नाहीत असे बोला." मी एकतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आहे, मुले कोणत्या मिनिटाला झोपतात हे मला चांगले ठाऊक आहे. (हशा) तेव्हा लवकर मुद्द्यावर येतो.

मी डॉक्टर नाही. तरीही आज मधुमेहाविषयी, त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या जेलीविषयी बोलणार आहे. रक्तातील साखर वाढली की ही जेली आपल्या पोटातील इन्शुलिन सोडते आणि साखर उतरली की आपणहून बंद होते. निदान तिने तसे करावे अशी अपेक्षा आहे. या विषयात मी पडलो त्याचे कारण घरचे आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला टाइप १ मधुमेह झाला. आज ती सत्तावीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि तिच्या परवानगीनेच मी हे सांगत आहे. अठरा वर्षे रोज चार इंजेक्शने. आपण हिशेब करावा.

जेलीकडे वळण्यापूर्वी आपल्या गावातीलच एक गोष्ट आठवून देतो. बेलापूर हे खाडीकाठचे गाव. सीबीडीचे टॉवर येण्यापूर्वी येथे खारजमिनीत भातशेती होती. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून आगरी शेतकरी बांध घालीत आणि त्या बांधाला उघाडी ठेवीत. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानेच उघाडीचे झाप मिटे. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी झाप ढकलून बाहेर पडे. तेथे कुणी माणूस उभा राहत नसे. पाणीच दार उघडी आणि पाणीच लावी. सिडकोने शहर वसवताना हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. सखल भागाजवळचे आपले धारण तलाव, ज्यांना सगळे होल्डिंग पाँड म्हणतात, आणि त्यांच्या तोंडाच्या झडपा याच तत्त्वावर आहेत. त्या तलावांचे पुढे काय झाले हेही आपण जाणता. त्याकडे नंतर येतो.

आपल्या शरीरातही अशी एक उघाडी आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्यातली एकूण साखर साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एवढ्या चमचाभर साखरेवर मेंदू चालतो. ती निम्म्यावर आली तर माणूस भोवंडतो, बेशुद्ध पडू शकतो. दुप्पट-तिप्पट होऊन वर्षानुवर्षे राहिली तर डोळे, मूत्रपिंडे आणि पाय जातात. आपण बिर्याणी खाऊन उठतो तेव्हा या पाच ग्रॅमच्या रक्तात शंभर ग्रॅमच्या आसपास साखर येऊ घातलेली असते. तरीही निरोगी माणसाची पातळी फारशी हलत नाही. हे काम स्वादुपिंडातील लँगरहान्सची बेटे करतात. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ साली पाहिली. सुमारे दहा लाख बेटे, सर्वांचे मिळून वजन एक-दोन ग्रॅम. त्यांतील बीटा पेशी साखर चाखतात आणि त्या मापाने इन्शुलिन सोडतात. साखर उतरली की थांबतात. हा थांबण्याचा भाग लक्षात ठेवा, पुढे सगळी अडचण तेथेच येणार आहे.

टाइप १ मधुमेहात या पेशीच नष्ट होतात. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, इन्शुलिन वेगळे काढले; कॉलिप यांनी ते शुद्ध केले; आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचले गेले. त्यापूर्वी असे मूल फार तर एक-दोन वर्षे जगे. त्या शोधाचे पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिले. आपल्या महाराष्ट्रापुरते सांगायचे तर २००३ साली वोक्हार्टने मानवी इन्शुलिन जैवतंत्राने बनवून बाजारात आणले, तेव्हापासून हे औषध येथेही तयार होऊ लागले.

परंतु इंजेक्शन म्हणजे उघाडी नव्हे. ते बादलीने पाणी ओतण्यासारखे आहे. एकदा ओतले की ते परत घेता येत नाही. रात्री दहाला टोचलेले इन्शुलिन दोन वाजता साखर किती आहे हे विचारीत नाही. ते आपले काम करीत राहते. मुलगी दहा वर्षांची असताना एका रात्री दोनच्या सुमारास माझी पत्नी पाणी पिण्यास उठली आणि तिला पोरीचा पलंग घामाने ओला लागला. हाक मारली तर उत्तर नाही. बोट टोचले, साखर ३९. मध गालाच्या आत लावला, वीस मिनिटांनी पोरीने डोळे उघडले आणि "अम्मी, मला का उठवलंस?" म्हणून रडू लागली. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पातळ काही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. एवढे तेव्हा आम्हांला माहीत होते, हे नशीब. त्या रात्रीनंतर कित्येक वर्षे मी दोन वाजताचा गजर लावून झोपलो.

दिवसाही हेच. एका शाळेत (ही संस्था नव्हे, आणि मी नाव घेणार नाही) तिने तासाला बिस्किट खाल्ले म्हणून तिला बाकावर उभे केले होते. तिची साखर तेव्हा ५८ होती. सत्तरच्या खाली आली की खाणे हेच औषध असते. येथे इतके शिक्षक बसले आहेत म्हणून मुद्दाम सांगितले.

रमजानचा विषयही येथेच निघतो. आजाऱ्याला सवलत आहे हे सर्वांना ठाऊक असते, तरी पुष्कळजण रोजे ठेवतात. २००१ साली तेरा देशांतील बारा हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. तीत रोजांच्या महिन्यात गंभीरपणे साखर उतरण्याचे प्रमाण टाइप १ मध्ये सुमारे ४.७ पट आणि टाइप २ मध्ये ७.५ पट झालेले आढळले. नवरात्राचा किंवा एकादशीचा कडक उपवास करणाऱ्यांनाही हाच धोका. गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये, मात्रा बदलावी लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. म्हणजे या सभागृहातही बरेच आहेत.

आता जेली. इंग्रजीत तिला जेल म्हणतात. विद्यार्थ्यांनो, तो तुरुंग नव्हे. (हशा) तसे पाहिले तर इन्शुलिनच्या दृष्टीने तो तुरुंगच आहे. फक्त किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न.

आपण फालुद्यात सब्जा घालतो. कोरडे काळे बी पाण्यात टाकले की पाच-दहा मिनिटांत त्याभोवती पारदर्शक आवरण फुगते. लांबच लांब रेणूंचे जाळे, त्यात अडकलेले पाणी, अशी ही जेली. रसायनशास्त्रज्ञांनी असे जाळे प्रयोगशाळेत विणले. १९६० साली चेकोस्लोव्हाकियात विख्टरले आणि लिम यांनी मानवी शरीराला चालणाऱ्या जेलीचे वर्णन प्रसिद्ध केले. मऊ काँटॅक्ट लेन्स त्यातूनच निघाल्या. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत 'जलशक्ती' नावाचे पाणी धरून ठेवणारे चूर्ण तयार झाले, जिरायती पिकाच्या मुळाशी ओल टिकावी म्हणून. डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे जेलींच्या फुगण्या-आकसण्यावर पुष्कळ काम केले आहे.

या टेबलावर दोन ग्लास आहेत. दोहोंत लहान मुलांच्या डायपरमधून काढलेली पांढरी पावडर आहे. पाणी ओततो. पाहा, ग्लास उलटा केला तरी सांडत नाही. आता दुसऱ्या ग्लासात दोन चमचे मीठ टाकून ढवळतो. जेली विरघळल्यासारखी दिसते आहे ना? ती विरघळलेली नाही, आकसली आहे. धरून ठेवलेले पाणी तिने सोडून दिले. या जाळ्याच्या धाग्यांवर ऋण विद्युतभार असतात. ते एकमेकांना दूर ढकलतात आणि त्यांच्यामुळे पाणी आत ओढले जाते. बाहेर मीठ वाढले की ती ओढ कमी होते. अमेरिकेत तोयोइची तानाका यांनी १९७८ साली दाखवले की काही जेली बाहेरच्या परिस्थितीत अगदी थोडा बदल होताच एकदम आकसतात. तेव्हापासून प्रश्न असा झाला: मिठाऐवजी ग्लुकोज ओळखेल अशी जेली विणता येईल काय?

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, ब्राउनली आणि सेरामी यांनी पहिली वाट दाखवली. जॅक बीन नावाच्या शेंगेत, म्हणजे आपल्या परसातील अबईच्या जवळच्या नातलगात, काँकॅनाव्हॅलिन नावाचे प्रथिन असते. ते साखरेला धरून ठेवते. त्यांनी इन्शुलिनला साखरेचा एक रेणू जोडला आणि ते या प्रथिनाच्या हाती दिले. रक्तात ग्लुकोज वाढले की ते जागेसाठी धक्काबुक्की करते आणि इन्शुलिन सुटते. लोकलच्या डब्यात दाराशी उभे असणाऱ्याला नव्या गर्दीने बाहेर ढकलावे, तसे. कल्पना सुंदर, पण हे प्रथिन रक्तातील पांढऱ्या पेशींना चिथावते, म्हणून शरीरात ठेवण्याची भीती.

दुसरी वाट ऐंशीच्या दशकात जपानमध्ये इशिहारा यांनी आणि अमेरिकेत हॉर्बेट, रॅटनर, कोस्ट आदींनी चोखाळली. बोट टोचून आपण थेंब ज्या पट्टीवर ठेवतो, त्यांपैकी पुष्कळ पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते. ते बुरशीपासून मिळते आणि ग्लुकोजचे ग्लुकॉनिक आम्लात रूपांतर करते. हेच विकर जेलीत अडकवले. साखर आली, आम्ल झाले, जाळ्यावर धन भार आले, धागे एकमेकांपासून दूर सरले, इन्शुलिन बाहेर. मात्र या क्रियेला प्राणवायू लागतो, आणि कातडीखाली ग्लुकोजच्या मानाने प्राणवायू कित्येक पटींनी कमी असतो. त्यामुळे साखर फार वाढली की जेलीचा दम नेमका तेव्हाच संपतो. शिवाय हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, ते पेशींना घातक.

तिसरी वाट मला सर्वांत आवडते, कारण तीत सजीवाकडून काहीच उसने घेतलेले नाही. कॅरमच्या पाटावर आपण बोरिक पावडर टाकतो. त्याच बोरॉनचे फिनाइलबोरॉनिक आम्ल नावाचे एक संयुग आहे. ग्लुकोजच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन हायड्रॉक्सिल गटांना ते चिमट्यासारखे धरते, आणि धरले की त्यावर ऋण भार स्थिर होतो. असे चिमटे जाळ्याला जोडले तर साखरेत जेली फुगेल. जपानमध्ये काझुनोरी काताओका आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली अशी जेली प्रसिद्ध केली. तिची खरी गंमत बंद होण्यात होती. बाहेरची साखर उतरली की जेलीचा फक्त वरचा थर झटकन आकसून दाट कातडीसारखा होई आणि आतले इन्शुलिन कोंडले जाई. दुधावर साय धरते तसे. प्रारंभीची जेली शरीरापेक्षा जास्त अल्कधर्मी द्रावणात चालत होती. मात्सुमोतो यांनी २०१२ पर्यंत तिला शरीराच्या सामूवर आणि तापमानावर आणले. एक खोट उरलीच: या चिमट्याला ग्लुकोजपेक्षा फळांतली फ्रुक्टोज साखर अधिक प्रिय आहे.

मग पंचेचाळीसहून अधिक वर्षांत ही जेली औषधाच्या दुकानात का आली नाही? लोक म्हणतात कंपन्या दाबून ठेवतात. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण साधे गणित आहे. टाइप १ च्या मोठ्या माणसाला दिवसाला समजा ५० युनिट लागतात; वजनात ते पावणेदोन मिलिग्रॅमही होत नाही. महिनाभराची जेली कातडीखाली बसवायची तर आत १५०० युनिट भरावी लागतील. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट आणि पेनमध्ये १०० युनिट असते. चुकीची सिरिंज वापरल्याने अडीच पट डोस जाऊन माणसे दवाखान्यात पोचल्याचे आपण ऐकतो. येथे तर तीस दिवसांचा साठा अंगातच आहे. जाळे एके ठिकाणी फाटले, किंवा दार उघडे अडकले, तर? उघडणारी जेली पुष्कळांनी केली. दर वेळी, हजारदा, झोपेतसुद्धा बंद होणारी जेली करणे हे काम आहे. तेही ७० आणि १८० या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. रसायनाला अशी रेघ ओढलेली समजत नाही. ते हळूहळू कमी-जास्त होते. आणि जेली जाड असेल तर साखर आत जाईपर्यंत आणि इन्शुलिन बाहेर येईपर्यंत जेवण पचूनही जाते.

आता धारण तलावांकडे परत येतो. बांधले तेव्हा ते उत्तम चालले. मग गाळ साठला, तिवरे वाढली, झडपा नीट मिटेनात, आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस लागला की सखल सेक्टरांत पाणी उभे राहू लागले. झडपेचे तत्त्व चुकले नव्हते. शरीरातही गाळ असतो. बाहेरची वस्तू कातडीखाली ठेवली की शरीर तिच्यावर प्रथिने चढवते, पेशी गोळा होतात, काही आठवड्यांत भोवती तंतूंची पिशवी तयार होते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रात झकास चालणारी जेली या पिशवीत गुदमरते. गाळ काढायला रोज आत जाता येत नाही.

म्हणून अलीकडे संशोधकांनी महिन्याचा हट्ट सोडून दिवसाचा विचार धरला. झेन गू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली नाण्याएवढ्या पट्टीवर बारीक सुयांच्या आकाराची बोरॉनची जेली बसवली. मधुमेही छोट्या डुकरांवर ती एक पट्टी वीस तासांहून अधिक वेळ साखर आटोक्यात ठेवू शकली. साठा एका दिवसाचा, आणि बिघडले तर ओढून काढता येते. मला यातला शहाणपणा दुसऱ्या कलमात दिसतो. काहींनी जेलीच टाळून इन्शुलिनच्या रेणूत बदल केला. मर्क कंपनीने २०१० साली स्मार्टसेल्स ही छोटी कंपनी घेऊन असे इन्शुलिन माणसांवर तपासले. पुरेसा फरक पडला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नोव्हो नॉर्डिस्कच्या संशोधकांनी एका नव्या इन्शुलिनचे वर्णन केले. त्यात रेणूलाच एक झडप आहे. साखर ५४ वरून ३६० वर गेली की त्याची पकड सुमारे तिप्पट होते. हे उंदीर-डुकरांवरचे काम होते.

दरम्यान विजेच्या वाटेने जाणारे पुढे निघून गेले. दंडावरचा सेन्सर साखर मोजतो, कमरेचा पंप इन्शुलिन देतो, मधे गणित करणारी चिप. २०१६ साली अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला परवानगी मिळाली. ते चालते. पण आपल्या पगारदार घरात पंप आणि दर दोन आठवड्यांना नवा सेन्सर म्हणजे घराचे दुसरे भाडे. जेलीला बॅटरी लागत नाही, चिप लागत नाही. म्हणूनच मला अजून तिच्यात रस आहे. ज्या मुलांना यात पडायचे आहे त्यांना दूर जायला नको. औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आपल्या सीबीडीतच, सेक्टर ८ मध्ये आहे.

पालकांसाठी एक सूचना. मोबाइलवर "इन्शुलिन बंद करणारी पट्टी", "स्मार्ट जेल" अशा जाहिराती येतात. मी आज ज्यांची नावे घेतली त्यांपैकी एकही जेली विकत मिळत नाही. टाइप १ च्या मुलाचे इन्शुलिन बंद केले तर ते मूल काही दिवसांत दगावू शकते.

काल रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी मुलीच्या फोनचा गजर वाजला. सेन्सर ६६ दाखवत होता आणि बाण खाली. ती उठली, दोन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायली आणि पुन्हा झोपली. सकाळी तिला आठवतही नव्हते. मी मात्र बाण वर वळेपर्यंत, चार वाजेपर्यंत, बाहेरच्या खोलीत बसून होतो.

ग्लास येथेच ठेवतो. मुलांनी रांगेने येऊन पाहावेत. मीठ टाकलेली जेली फडक्यातून गाळून चार-पाच वेळा स्वच्छ पाण्यात धुवा आणि ती पुन्हा पहिल्याइतकी फुगते का ते मोजा. उत्तर मी सांगत नाही. आकडे सेक्रेटरीसाहेबांकडे द्या, ते मला पोचवतील.